गोल्फ क्रीडेतील अंतरमापनाची साधने : एका निवडीचा इतिहास

क्रीडांचा इतिहास लिहिताना विजेत्यांच्या नामावळीकडे जितके लक्ष दिले जाते, तितके त्या क्रीडांतील साधनांकडे दिले जात नाही. वस्तुतः एखादे साधन मैदानावर केव्हा आले, त्यास कोणी विरोध केला आणि अखेर त्यास कोणत्या अटींवर प्रवेश मिळाला, या प्रश्नांच्या उत्तरांतून त्या क्रीडेची स्वतःविषयीची कल्पना जितकी स्पष्ट होते, तितकी ती अन्य कशानेही होत नाही. गोल्फमधील अंतरमापनाची साधने हे याचे एक चांगले उदाहरण होय. आज लेसर किरणांवर चालणारे दूरमापक आणि उपग्रहांवर अवलंबून असणारे मापक या दोहोंतून खेळाडूस निवड करावी लागते. ही निवड केवळ ग्राहकाच्या सोयीची बाब आहे असे वरकरणी वाटते. परंतु तिच्यामागे सुमारे अडीच शतकांचा एक वाद आहे : अंतर ओळखणे हा खेळाडूच्या कौशल्याचाच भाग मानावयाचा, की ती खेळापूर्वीच सर्वांस सारखी उपलब्ध असावयाची माहिती मानावयाची? प्रस्तुत निबंधात या वादाचा मागोवा घेऊन साधनाच्या निवडीचे निकष कालपरत्वे कसे पालटत गेले, हे पाहावयाचे आहे.

१. डोळा हेच साधन

स्कॉटलंडमध्ये इ. स. १४५७ मध्ये, दुसरा जेम्स राज्यावर असताना, तेथील पार्लमेंटने फुटबॉल व गोल्फ या दोन्ही खेळांस मनाई केली. प्रजेने धनुर्विद्येचा अभ्यास करावा हा त्या मनाईमागील हेतू होता. या निर्बंधातील एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. लक्ष्याचे अंतर नुसत्या नजरेने अजमावून त्यानुरूप जोर लावणे ही जी धनुर्धराची मुख्य विद्या, तीच गोल्फ खेळणाऱ्याचीही विद्या होती. राज्यकर्त्यांना एक हवी होती आणि दुसरी नको होती, इतकेच.

लीथ येथील खेळाडूंनी १७४४ मध्ये जे तेरा नियम तयार केले, ते या खेळाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखित नियम होत. त्यांत अंतराचा उल्लेख दोन ठिकाणी विशेष अर्थपूर्ण आहे. पहिल्याच नियमानुसार चेंडू भोकापासून एका काठीच्या लांबीच्या आत ठेवून खेळास आरंभ करावयाचा असे. म्हणजे मापाचे साधन खेळाडूच्या हातातच होते. बाराव्या नियमाने ज्याचा चेंडू भोकापासून सर्वांत दूर असेल त्याने प्रथम खेळावे असे ठरविले. येथे किती दूर हा प्रश्नच नाही. कोण अधिक दूर एवढाच प्रश्न आहे, आणि तो दोन प्रतिस्पर्ध्यांनी डोळ्यांनी पाहून सोडवावयाचा आहे. सेंट अँड्र्यूज येथे १७६४ मध्ये भोकांची संख्या बाविसावरून अठरावर आणण्यात आली, तेव्हाही खेळाडू अंतर यार्डांत (म्हणजे आपल्याकडील वारांत) मोजून फटका मारीत नव्हता.

याचे कारण त्या काळच्या लोकांस मोजणी येत नव्हती, हे नव्हे. खरे कारण चेंडूत होते. चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला तो चेंडू हाताने शिवलेला असे. कोणतेही दोन चेंडू अगदी सारखे नसत, आणि पावसात भिजला की तोच चेंडू जड होऊन कमी अंतर जाई. मारण्याच्या काठ्याही कारागिराने एकेक करून घडविलेल्या असत. अशा स्थितीत लक्ष्य १५० यार्डांवर आहे की १६० यार्डांवर, हे कळूनही उपयोग थोडाच होता. कारण आपला फटका नेमका किती यार्ड जाईल, हे खेळाडूस सांगता येत नव्हते. मापाला अर्थ येण्यासाठी मोजावयाची वस्तू आणि मोजमाप वापरणारी क्रिया या दोहोंतही काही स्थिरता असावी लागते.

२. स्थिरतेचा उदय

ही स्थिरता टप्प्याटप्प्याने आली. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू प्रचारात आला. तो साच्यातून काढता येत असल्याने स्वस्त व बराचसा एकसारखा होता. १८९८ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने रबराच्या धाग्यांचे गाभे असलेला चेंडू सिद्ध केला, आणि १९०२ मध्ये सँडी हर्ड याने तोच वापरून ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकल्यावर जुना चेंडू लवकरच मागे पडला. भोकाचा व्यासही १८९१ मध्ये सव्वाचार इंच असा निश्चित झाला. मॅशी, निब्लिक यांसारखी नावे धारण करणाऱ्या हिकरी लाकडाच्या काठ्यांच्या जागी पोलादी दांड्यांच्या काठ्या आल्या; अमेरिकेतील संघटनेने १९२० च्या दशकात व सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने १९२९ मध्ये त्यांस मान्यता दिली. पोलादी दांडी कारखान्यात तयार होत असल्याने काठ्यांचे क्रमवार संच करणे शक्य झाले, आणि नावांची जागा अंकांनी घेतली. १९३८ मध्ये अमेरिकेत व १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये चौदा काठ्यांची मर्यादा घालण्यात आली.

नावांकडून अंकांकडे झालेले हे संक्रमण अंतरमापनाच्या इतिहासात निर्णायक आहे. अंकित काठी हे एक प्रकारचे मापच होय. लगतच्या दोन काठ्यांच्या फटक्यांत साधारणतः दहा यार्डांचे अंतर पडते असे एकदा ठरले, की लक्ष्याचे अंतर तितक्याच बारकाईने कळावे ही गरज आपोआप उत्पन्न होते. साधनामुळे गरज निर्माण झाली. गरजेमुळे पुढील साधन आले.

३. दृष्टिभ्रमाची वास्तुकला

याच काळात मैदाने रचणाऱ्यांनी मात्र उलट दिशेने वाटचाल केली. अॅलिस्टर मॅकेन्झी हा व्यवसायाने वैद्य होता. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात त्याने बोअर सैनिक भूरचनेचा आश्रय घेऊन कसे अदृश्य होतात याचे निरीक्षण केले, आणि पहिल्या महायुद्धात लष्करी छद्मावरणाच्या कामी ते ज्ञान वापरले. पुढे मैदानांचा रचनाकार म्हणून त्याची ख्याती झाली. बॉबी जोन्सच्या सहकार्याने रचलेले ऑगस्टा नॅशनल हे त्याचे प्रसिद्ध काम. गोल्फचे मैदान रचणे आणि छद्मावरण या दोन कलांतील साम्य त्याने स्वतःच प्रतिपादिले होते.

नजर फसविण्याचा सर्वांत परिचित उपाय म्हणजे हिरवळीच्या अलीकडे एक खोलगट भाग ठेवणे. खेळाडूस तो खोलगट भाग दिसत नाही, त्यामुळे अलीकडील उंचवटा व पलीकडील हिरवळ एकमेकांस चिकटलेली भासतात आणि लक्ष्य आहे त्यापेक्षा जवळ वाटते. वाळूचा खड्डा हिरवळीच्या बराच अलीकडे ठेवून तो तिला लागूनच आहे असा आभास निर्माण करणे, ही याच जातीची दुसरी युक्ती. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर सात प्रचंड हिरवळी प्रत्येकी दोन दोन भोकांस सामाईक आहेत. एवढ्या विस्तीर्ण हिरवळीवर निशाण कोठे रोवले आहे, याचा अंदाज नवख्या डोळ्यास सहसा येत नाही.

अंतर नजरेने ओळखावयाचे हे गृहीत धरूनच ही रचना केलेली होती. त्यामुळे मापक उपकरण मैदानावर आले, तेव्हा त्याने खेळाडूस नुसती माहिती दिली असे म्हणून चालत नाही. रचनाकाराने मांडलेला एक डावही त्याने निष्फळ केला. उपकरणांस झालेल्या दीर्घ विरोधाचे हे एक सबळ कारण होय.

४. कॅडीचे ज्ञान आणि वहीतील अंक

डोळा आणि उपकरण यांच्या दरम्यान आणखी एक साधन होते, ते म्हणजे कॅडी. खेळाडूच्या काठ्या वाहून नेणारा हा मनुष्य त्या मैदानावरच लहानाचा मोठा झालेला असे. कोणत्या वाऱ्यात कोणती काठी घ्यावी, कोणता उतार फसवा आहे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असे. १९६४ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा या दृष्टीने उद्बोधक आहे. टोनी लेमा हा अमेरिकन खेळाडू सेंट अँड्र्यूज येथे अगदी ऐन वेळी पोहोचला. मैदान त्यास अपरिचित होते आणि सरावास पुरेसा अवधी नव्हता. आर्नोल्ड पामर त्या वर्षी न आल्याने त्याचा कॅडी टिप अँडरसन लेमास मिळाला. त्याच्या सल्ल्यावर विसंबून लेमा खेळला आणि पाच फटक्यांच्या आघाडीने त्याने ती स्पर्धा जिंकली.

दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला जॅक निक्लॉस हा नव्या पद्धतीचा प्रतिनिधी होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९६१ मध्ये पेबल बीच येथील अमेरिकन हौशी स्पर्धेच्या वेळी त्याचा मित्र डीन बीमन याने त्यास मैदानावरील ठळक खुणांपासून हिरवळीपर्यंतची अंतरे पावलांनी मोजून लिहून ठेवण्याची रीत दाखविली. ही रीत बीमनने जीन अँड्र्यूज या हौशी खेळाडूपासून उचलली होती. निक्लॉसने ती स्पर्धा जिंकली, आणि तेव्हापासून ही वही त्याच्या खेळाचे अंग बनली. त्याच्या यशामुळे व्यावसायिक खेळाडूंत तिचा प्रसार झाला. एका स्पर्धेवरून दोन पद्धतींचा निवाडा करणे अर्थातच योग्य नाही. लेमाच्या विजयाने कॅडीचे ज्ञान श्रेष्ठ ठरले नाही, की निक्लॉसच्या पुढील कीर्तीने ते निरुपयोगी ठरले नाही. परंतु ज्ञानाचे स्थान बदलत होते, हे निश्चित. जे एका माणसाच्या स्मरणात होते, ते आता कागदावर उतरले. आणि कागदावर उतरलेले ज्ञान विकता येते. पुढे मोजणीच्या चाकाने मैदाने मोजून छापील वह्या तयार करणे हा एक स्वतंत्र धंदाच झाला.

हे चाक भूमापनाच्या इतिहासातून आलेले आहे. हिंदुस्थानात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश मोजणीदार मार्गांची लांबी अशाच चाकाने मोजीत. मात्र १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा आखली, तेव्हा त्याने चाक बाजूस ठेवून १०० फुटी पोलादी साखळी वापरली. जितकी सूक्ष्मता हवी तितकेच काटेकोर साधन, हा तेथील निकष होता. गोल्फच्या बाबतीतही शेवटी याच निकषाकडे यावे लागते.

भारताचा उल्लेख येथे आणखी एका कारणाने प्रस्तुत आहे. कलकत्त्याचा क्लब १८२९ मध्ये आणि मुंबईचा १८४२ मध्ये स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरील या खेळाच्या अगदी आरंभीच्या संस्थांत त्यांची गणना होते. या देशातही कॅडी हा खेळाच्या व्यवस्थेचा आधार राहिला, आणि अनेक व्यावसायिक खेळाडू त्याच वर्गातून पुढे आले. १९९१ व १९९३ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच वाढला होता. अंतराचे ज्ञान ही या वर्गाची एकमेव मिळकत होती असे नव्हे, पण ती त्याच्या प्रतिष्ठेची एक बाजू खास होती.

५. युद्धशास्त्रातून आलेली उपकरणे

दूरमापक यंत्राचा जन्म रणांगणाच्या गरजेतून झाला. १८८८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने पायदळासाठी दूरमापक हवा असल्याची जाहिरात दिली. ती वाचून लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजातील दोन प्राध्यापक, आर्चिबाल्ड बार व विल्यम स्ट्राउड, या कामास लागले. पायदळाच्या चाचणीत त्यांचे यंत्र नाकारले गेले. पण १८९२ मध्ये आरमाराने ते पसंत केले, आणि ग्लासगोतील त्यांच्या कारखान्यास जगभर कीर्ती मिळाली. ठराविक अंतरावरील दोन भिंगांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींशी जुळवून त्यांतील कोनावरून अंतर काढावयाचे, हे त्याचे तत्त्व होय.

गोल्फसाठी जी साधी प्रकाशीय उपकरणे निघाली, त्यांतील अनेकांचे तत्त्व याहून सोपे होते : निशाणाच्या काठीची उंची ठाऊक आहे असे धरून ती डोळ्याशी किती कोन करते, यावरून अंतर वाचावयाचे. या रीतीचा दोष गणितानेच दाखविता येतो. मोजपट्टी सात फुटांच्या काठीसाठी आखलेली असेल आणि प्रत्यक्ष काठी सहा फुटांची निघाली, तर १५० यार्डांवरील निशाण १७५ यार्डांवर असल्याचे दिसेल. पंचवीस यार्डांची चूक म्हणजे दोन-अडीच काठ्यांची चूक. ज्याची नजर तयार आहे, अशा खेळाडूस हे उपकरण साहाय्यक होण्याऐवजी घातकच ठरले असते.

१९६० मध्ये थिओडोर मेमन याने पहिला लेसर कार्यान्वित केला आणि अंतरमापनाचे तत्त्वच पालटले. आता कोन मोजण्याचे कारण उरले नाही. प्रकाशाचा स्पंद लक्ष्यावर आदळून परत येण्यास लागणारा काळ मोजला की पुरे. १५० यार्डांवरील निशाणापर्यंत जाऊन येण्यास प्रकाशास एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही किंचित कमी वेळ लागतो. इतका अल्प काळ मोजणारी यंत्रणा प्रथम सैन्याकडे होती. हातात मावणारी व सामान्य ग्राहकास परवडणारी उपकरणे १९९० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आली. दुसरी शाखा उपग्रहांची. अमेरिकेची उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची व्यवस्था १९९५ मध्ये पूर्णत्वास गेली, तरी नागरी वापरासाठीचे संकेत मुद्दाम सदोष ठेवले जात. मे २००० मध्ये हा निर्बंध उठविण्यात आला. त्यापूर्वी सुधारणेची वेगळी यंत्रणा जोडल्याविना या साधनाचा मैदानावर फारसा उपयोग नव्हता. त्यानंतर त्याची चूक काही मीटरांवर आली, आणि खिशात मावणारे किंवा मनगटावर बांधावयाचे मापक शक्य झाले.

६. नियमांचा प्रतिकार आणि तडजोड

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नियमावलीने खेळताना अंतर मोजण्यासाठी कृत्रिम साधन वापरण्यास मनाई केली होती. या मनाईतील अंतर्विरोध उघड आहे. पावलांनी मोजलेले अंतर चालत असे, छापील वही चालत असे, पाणी फवारणाऱ्या तोट्यांवर कोरलेले आकडे चालत असत. मात्र तोच आकडा यंत्रातून वाचणे निषिद्ध होते. म्हणजे मनाई माहितीस नव्हती, ती मिळविण्याच्या एका मार्गास होती.

ही भूमिका फार काळ टिकण्यासारखी नव्हती. १ जानेवारी २००६ पासून स्थानिक नियम करून अशी उपकरणे वापरू देण्याची मुभा समित्यांस मिळाली. २००८ च्या सुधारणेने अंतराची माहिती विचारणे वा देणे हे सल्ल्याच्या व्याख्येतून वगळले गेले. निबंधाच्या आरंभी मांडलेल्या प्रश्नाचे नियमकर्त्यांनी दिलेले हे सर्वांत स्पष्ट उत्तर होय. २०१९ च्या नव्या नियमावलीने क्रम उलटविला : उपकरण वापरण्यास सर्वसाधारण परवानगी, आणि मनाई करावयाची तर ती समितीने स्थानिक नियमाने करावयाची. २०२१ मध्ये कियावा आयलंड येथील पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत व्यावसायिकांच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी प्रथमच अशी परवानगी देण्यात आली. उरलेल्या तीन स्पर्धांनी त्या वर्षी ती दिली नाही. खेळाचा वेग वाढावा हे परवानगीचे मुख्य समर्थन होते.

तथापि, या तडजोडीत एक सीमारेषा जपलेली आहे. उपकरणाने अंतर सांगावे. परंतु चढउताराचे मोजमाप करू नये आणि कोणती काठी घ्यावी हे सुचवू नये. अंतर ही माहिती, आणि त्या अंतराचा अर्थ लावणे हे कौशल्य, असा हा भेद आहे.

७. निवडीचे निकष

या पार्श्वभूमीवर लेसर की उपग्रह, या प्रश्नाकडे पाहिले असता दोन्ही उपकरणे एकाच प्रश्नाची उत्तरे देत नाहीत, असे दिसून येते. लेसर ज्या वस्तूवर रोखला आहे त्या वस्तूचे अंतर सुमारे एका यार्डाच्या मर्यादेत सांगतो, आणि निशाण आज जेथे रोवले आहे तेथपर्यंतचे सांगतो. परंतु निशाण दिसत नसेल तर तो निरुपयोगी; आणि हात हलल्यास निशाणाऐवजी मागील झाडाचे अंतर दाखविण्याचा संभव असतो. उपग्रहाधारित मापकास दृष्टिरेषेची गरज नसते. हिरवळीची अलीकडील कड, मध्य व पलीकडील कड, तसेच वाटेतील खड्डे व पाणी यांची अंतरे तो नकाशावरून देतो. मात्र त्याची अचूकता त्या नकाशाहून अधिक असू शकत नाही, आणि निशाणाची आजची जागा त्यास आपणहून ठाऊक नसते. लेसर हा तयार नजरेचा वारस आहे. उपग्रहाधारित मापक हा कॅडी व वही यांचा वारस आहे. परक्या मैदानावर, जेथे उंचवट्यांमुळे लक्ष्य दिसत नाही, तेथे दुसरा अधिक उपयोगी. परिचित व मोकळ्या मैदानावर पहिला.

सूक्ष्मतेचा प्रश्नही लॅम्ब्टनच्या निकषानेच सोडवावा लागतो. ज्याच्या एकाच काठीच्या दोन फटक्यांत पंधरा-वीस यार्डांची तफावत पडते, त्यास एका यार्डाची अचूकता विकत घेऊन काहीच लाभ नाही. पिसांच्या चेंडूच्या काळी मापास अर्थ नव्हता, तो याच कारणाने. शिवाय समुद्रकाठच्या मैदानांवर चेंडू जमिनीवर पडून बराच घरंगळतो आणि वारा क्षणोक्षणी बदलतो. तेथे मोजलेले अंतर व खेळावयाचे अंतर यांत मोठा फरक असतो, आणि तो फरक उपकरण सांगत नाही.

उपसंहार

अंतरमापनाच्या साधनांचा हा इतिहास म्हणजे डोळ्याचा क्रमाक्रमाने झालेला पराभव, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो पुराव्यास धरून होणार नाही. प्रत्येक टप्प्यावर जे सर्वांस सारखे देता येईल ते कौशल्यातून वगळण्यात आले, आणि कौशल्याची सीमा पुढे सरकविण्यात आली. लीथच्या नियमांत कोण दूर हे पाहणे खेळाडूकडे होते. आज किती दूर हे यंत्राकडे गेले आहे आणि त्याचे काय करावयाचे हे खेळाडूकडे राहिले आहे. या देवघेवीत हानी झाली नाही असे नाही. मॅकेन्झीसारख्याने रचलेले दृष्टिभ्रम दुर्बळ झाले, आणि टिप अँडरसनसारख्याचे आयुष्यभराचे ज्ञान एका आकड्याच्या किमतीवर आले. लाभ असा की, ज्यास असा कॅडी कधीच मिळाला नसता, अशा सामान्य खेळाडूसही तो आकडा मिळू लागला. उपकरणाची निवड करताना ग्राहक केवळ दोन वस्तूंची तुलना करीत असतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्या निवडीत ज्ञान कोणाच्या मालकीचे असावे, हा जुनाच प्रश्न नव्या रूपात दिसतो.